महर्षी कर्वे आणि मान्यतेचे माप

धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी कोकणात झाला. मुरूड हे त्यांचे गाव. घरची स्थिती बेताची. मराठी सहावीच्या परीक्षेसाठी ते मुरुडाहून घाट चढून पायी साताऱ्याला गेले; परंतु वयाच्या मानाने ते लहान दिसत, म्हणून परीक्षकांनी त्यांना परीक्षेस बसू दिले नाही. ज्ञान तपासण्याआधीच रूप तपासले गेले! पुढे ते मॅट्रिक झाले १८८१ मध्ये, म्हणजे तेविसाव्या वर्षी. त्याआधीच त्यांचे लग्न झालेले होते. मुंबईत शिकवण्या करीत ते १८८४ मध्ये बी. ए. झाले आणि १८९१ मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले.

प्रथम पत्नीच्या निधनानंतर १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या या बाई पुढे आनंदीबाई, सर्वांच्या 'बाया', म्हणून ओळखल्या गेल्या. या विवाहामुळे कर्व्यांवर मुरुडात बहिष्कार पडला. तरीही १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० मध्ये तो पुण्याजवळच्या हिंगण्याच्या माळावरील एका झोपडीत नेला. शाळेचे वय उलटून गेलेल्या विधवांनी येथे विद्येला प्रारंभ केला.

जपानमधील महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचून कर्व्यांना नवी दिशा मिळाली. १९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ स्थापिले. डॉ. रा. गो. भांडारकर पहिले कुलपती झाले. पहिल्या वर्गात विद्यार्थिनी अवघ्या पाच! शिक्षणाचे माध्यम मातृभाषा. पदव्यांची नावेही आपल्या मातीतली: गृहीतागमा आणि प्रदेयागमा. परंतु सरकारदरबारी या पदव्यांना मान्यता नव्हती. दर्जा हलका, असा आक्षेप सुशिक्षितही घेत. मुंबई विद्यापीठाचे माप लावले की हिंगणे नेहमीच उणे पडे. कारण ते माप निराळ्याच विद्यार्थ्यांसाठी बेतलेले होते. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी आपल्या मातोश्रींच्या नावे १५ लाखांची देणगी दिली. कायदेशीर मान्यता मात्र मिळाली १९५१ मध्ये, म्हणजे तब्बल पस्तीस वर्षांनी. १९५८ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, अण्णा भारतरत्न झाले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी त्यांचे निधन झाले.

विद्यार्थी मित्रहो, हे चरित्र आज आठवावे याला कारण आहे. २०१६ पासून केंद्र सरकार दरवर्षी शिक्षणसंस्थांची क्रमवारी जाहीर करते. विद्यापीठांच्या गुणांकनात शंभरांपैकी संशोधनाला तीस गुण आणि नावलौकिकाला दहा. स्त्रिया, दुर्बल घटक, अपंग, परप्रांतीय अशा सर्वांना सामावून घेण्याला मिळून दहाच! झरीसारख्या गावातून एखादी सून संसार सांभाळून, किंवा एखादा तरुण शेतीची कामे उरकून परभणीच्या महाविद्यालयात येतो. तो किती वाट चालून आला, हे या कोष्टकात कोठे दिसते? संशोधन मोजू नये, असे कोणी म्हणणार नाही. परंतु विद्यार्थी कोठे पोहोचला याबरोबरच तो कोठून निघाला हेही मोजले गेले पाहिजे. हिंगण्याच्या झोपडीचा क्रमांक १९१६ साली लावला असता, तर तो शेवटचाच आला असता. त्या पाच विद्यार्थिनींना मात्र तेवढे एकच विद्यापीठ आपले म्हणत होते.