रामशास्त्री प्रभुणे : पुणं सोडून वाईजवळ आलेले न्यायाधीश



रामशास्त्र्यांचा धडा आपण वर्गात घेतो तेव्हा बहुतेक वेळा तो एका प्रसंगावर उरकतो. राघोबादादांना तोंडावर देहांत प्रायश्चित्त सांगितलं, संपला धडा. १९४४ साली प्रभातने काढलेला 'रामशास्त्री' ज्यांनी पाहिलाय, त्यांच्या डोळ्यांपुढे गजानन जागीरदार उभे राहतात. पण त्या प्रसंगाच्या आधी काय घडलं आणि नंतर शास्त्रीबुवा गेले कुठे, हे मुलांना विचारून बघा. वाईतल्या मुलांनासुद्धा ठाऊक नसतं, की ते आपल्याच गावाच्या शेजारी येऊन राहिले होते.

आधी थोडं चरित्र. जन्म साताऱ्याजवळच्या क्षेत्र माहुलीचा, कृष्णा-वेण्णेच्या संगमावरचा. वडील लवकर गेले, शिक्षण झालं नाही. साताऱ्यातल्या अनगळ सावकारांच्या घरी ते शागीर्द म्हणून राहिले. धन्याच्या हातावर पाणी घालताना नजर रत्नांकडे गेली, त्यावरून बोल खावा लागला आणि तो मनाला लागला, अशी गोष्ट सांगतात. एवढं खरं, की बरंच वय झाल्यावर ते काशीला गेले आणि बाळंभट पायगुंड्यांपाशी धर्मशास्त्र शिकले. मुलगा उशिरा वाचायला लागला म्हणून धास्तावणाऱ्या पालकांना मी हे आवर्जून सांगतो. १७५१ मध्ये ते पेशव्यांच्या पदरी शास्त्री म्हणून लागले आणि १७५९ मध्ये मुख्य न्यायाधीश झाले.

थोरल्या माधवरावांशी त्यांचं जे घडलं ते पुढच्या सगळ्याची किल्ली आहे. तरुण पेशवे जपजाप्यात रमू लागले. शास्त्रीबुवा कामासाठी आले तर श्रीमंत ध्यानाला बसलेले. दुसऱ्या दिवशी शास्त्र्यांनी काशीला जायची परवानगीच मागितली. माधवरावांनी कारण विचारल्यावर त्यांनी साफ सांगितलं, की राज्य करायचं तर रयतेचं काम आधी. स्नानसंध्याच करायची असेल तर दोघेही गंगेवर जाऊन बसू. माधवरावांनी ते ऐकलं, आणि राग धरला नाही. मोठेपणा इथं दोघांचाही आहे, हे सांगायचं राहून जातं.

ग्रँट डफ सातारला इंग्रजांचा अधिकारी होता. त्याने १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास छापला, त्यात लिहिलंय की शास्त्री घरात त्या दिवसाला पुरेल त्याहून जास्त काही ठेवत नसत. हे नुसतं साधेपणाचं कौतुक म्हणून वाचू नका. ज्याच्या घरात गमावण्यासारखं काही नाही, त्याला नोकरीची धमकी देऊन उपयोग नसतो.

आता मूळ प्रसंग. नोव्हेंबर १७७२ मध्ये माधवराव थेऊरला वारले. धाकटे नारायणराव पेशवे झाले. काका रघुनाथराव म्हणजे राघोबादादा शनिवारवाड्यातच नजरकैदेत. वाड्यावर पहारा गारद्यांचा. गारदी म्हणजे काय हे मुलांना नीट समजावून द्या. युरोपी पद्धतीची कवायत शिकलेलं, पगारी पायदळ. पानपतावर शेवटपर्यंत लढलेला इब्राहिमखान गारदी याच प्रकारच्या फौजेचा सरदार होता. म्हणजे गारदी जातीने बेइमान नव्हते, हे आधी स्पष्ट करा. मुलं फार लवकर शिक्का मारतात.

पण १७७३ मध्ये पगार थकलेला होता आणि वाड्यात दोन तट पडलेले होते. सुमेरसिंग, महमद इसफ, खरकसिंग हे गारद्यांचे अंमलदार एका तटाच्या कारस्थानात ओढले गेले. काम होतं पहाऱ्याचं, पण आपल्या हातातल्या तलवारीवर गादी कुणाची ते ठरेल हे त्यांच्या लक्षात आलं. ३० ऑगस्टला, भर गणपतीच्या दिवसांत, दुपारी ते पगाराच्या मागणीचा आरडाओरडा करत वाड्यात घुसले. अठरा वर्षांचे नारायणराव काकांच्या दालनात धावले आणि त्यांना मिठी मारली. राघोबांचा नोकर तुळाजी पवार याने त्यांना ओढून काढलं. चापाजी टिळेकर नावाचा सेवक पेशव्यांच्या अंगावर आडवा पडला, तोही त्यांच्याबरोबर तुटला.

त्याच दिवशी कुणकुण लागली होती, हे विसरू नका. काहीतरी शिजतंय हे कानावर येताच नारायणरावांनी हरिपंत फडक्यांना बंदोबस्ताचं सांगितलं. हरिपंत आधी जेवायला गेले. हरिपंत पुढे नामांकित सेनापती ठरले. माणूस नालायक नव्हता. पण बातमी कळूनही ती जेवणानंतरवर गेली. वर्गात मी इथं जरा थांबतो.

राघोबांनी सातारच्या छत्रपतींकडून पेशवाईची वस्त्रं मिळवली. आता तपास कोण करणार? ज्याच्यावर संशय तोच धनी. रामशास्त्र्यांनी हुकमाची वाट पाहिली नाही. खून झाला की चौकशी करणं हे न्यायाधीशाचं काम, एवढाच त्यांचा आधार. काही आठवडे त्यांनी शोध घेतला, जवळपास पन्नास माणसांचा हात त्यात निघाला. माग थेट वरपर्यंत गेला.

'ध चा मा' मुलांना तोंडपाठ असतो. धरावे याचं मारावे आनंदीबाईंनी केलं, असं आपण सांगून मोकळे होतो. ते ऐकीव म्हणूनच सांगावं असं माझं मत आहे. सगळा दोष एका बाईच्या एका अक्षरावर ढकलणं सोयीचं असतं. शास्त्र्यांनी मात्र ती सोय घेतली नाही. ते राघोबांकडे गेले आणि आरोप समोर ठेवला. आपण फक्त धरायला सांगितलं होतं, असं राघोबांचं म्हणणं पडलं. मग प्रायश्चित्त काय, असं त्यांनी विचारल्यावर शास्त्र्यांनी देहांताखेरीज दुसरं नाही हे सांगितलं, आणि तुम्ही राज्यावर आहात तोवर मी पुण्यात पाऊल टाकणार नाही, चाकरी करणार नाही, हेही सांगितलं. पद सोडलं आणि वाईजवळच्या पांडववाडीला येऊन राहिले.

वाईच का, यावर तर्क करत बसत नाही. पण नारायणरावांच्या आई गोपिकाबाई या वाईच्या रास्त्यांच्या. ढोल्या गणपतीचं देऊळ बांधणारे रास्ते ते हेच घराणं. म्हणजे मारल्या गेलेल्या मुलाच्या आजोळाशेजारी त्याचा न्यायाधीश येऊन बसला होता.

आपल्या जिल्ह्यात हा धडा शिकवताना एक जास्तीची जबाबदारी येते. अपशिंगे मिलिटरी इथलंच. १९६१ पासून सातारला सैनिक स्कूल आहे. आपल्या वर्गातल्या निदान एका-दोघांच्या घरी कुणी वर्दीत असतंच. अशा मुलाने एकदा मला विचारलं, की साहेबच चुकीचं करत असेल तर शिपायाने काय करायचं? उत्तर मी घाईने दिलं नाही. आज राज्यघटनेचं कलम ३३ सैन्यदलांच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालायचा अधिकार संसदेला देतं आणि १९५० च्या लष्कर कायद्याचं कलम २१ राजकीय संघटनेत जाण्यावर आणि वृत्तपत्रांशी बोलण्यावर बंधनं घालायची मुभा सरकारला देतं. मुलांना ही गळचेपी वाटते. मग मी शनिवारवाड्याची ती दुपार पुन्हा सांगतो. तलवारवाल्याने तट निवडला की काय होतं, ते त्यांना दिसतं. पण तट न निवडणं म्हणजे तोंड शिवणं नव्हे, हे शास्त्र्यांकडे बघून कळतं. त्यांनी चौकशी कामाच्या रीतीने केली, ज्याला सांगायचं त्याला समोर जाऊन सांगितलं, आणि किंमत स्वतः मोजली. सगळ्यांना हे जमेल असं नाही. पोटापाण्याची चिंता असलेल्या शिपायाला तर फारच जड, हेही मी त्या मुलाला सांगितलं.

पुढचं थोडक्यात. बारभाईंनी राघोबांना पुण्याबाहेर ठेवलं, १८ एप्रिल १७७४ ला पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाला. राघोबा १७७५ मध्ये सुरतेला इंग्रजांशी तह करून बसले आणि त्यातून मोठी लढाई ओढवली. १७८३ मध्ये ते कोपरगावला वारले. शास्त्र्यांना बारभाईंनी परत बोलावून न्यायाधीशपद दिलं. पुण्यात पाऊल न टाकण्याची अट आता उरली नव्हती. ऑक्टोबर १७८९ मध्ये ते गेले.

धडा झाल्यावर मी मुलांना चौघांपैकी एकावर लिहायला सांगतो : सुमेरसिंग, चापाजी, हरिपंत, रामशास्त्री. बहुतेक जण शास्त्री घेतात. गेल्या वर्षी एका मुलीने हरिपंत घेतले आणि दोन पानं लिहिली. जेवण झाल्यावर बातमी कळली तेव्हा त्यांना काय वाटलं असेल, यावर.