पाउल एर्लिख : नेमका वेध घेणारा वैज्ञानिक

सायलेशिया प्रांतातील स्ट्रेलेन गावी 14 मार्च 1854 रोजी एका ज्यू कुटुंबात पाउल एर्लिख यांचा जन्म झाला. विद्यार्थीदशेत त्यांना कृत्रिम रंगांनी पेशी रंगविण्याचा नाद लागला. एखादा रंग एकाच प्रकारच्या पेशीला धरतो, शेजारच्या पेशीला शिवतही नाही, हे त्यांनी पाहिले. मग रोगजंतूलाच गाठून निरोगी पेशीला सोडून देणारे औषध का नसावे? हा प्रश्न त्यांना आयुष्यभर पुरला. घटसर्पावरील रक्तजलाच्या अभ्यासात असाच नेमकेपणा त्यांना प्रतिपिंडांत आढळला. 1908 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. 1909 मध्ये कर्कपेशी शरीरात वारंवार उद्भवतात, परंतु प्रतिकारशक्ती त्यांना दडपून ठेवते, असा तर्क त्यांनी मांडला.

या विचाराला फळ येण्यास बराच काळ लागला. अमेरिकेत 1998 मध्ये मान्यता मिळालेले ट्रास्टुझुमॅब हे प्रतिपिंड स्तनाच्या काही कर्करोगांत पेशीवरील हर-2 प्रथिनाला धरते आणि आपल्या शेपटाने शरीरातील मारक पेशींना बोलावते. ही हाक अधिक तीव्र व्हावी म्हणून संशोधक आता त्या शेपटाचीच घडण बदलतात.

एवढ्या मोठ्या वैज्ञानिकाला विद्यापीठातील पूर्ण प्राध्यापकपद मिळाले ते 1914 मध्ये, मृत्यूच्या केवळ एक वर्ष आधी. त्या काळच्या जर्मनीत ज्यू जन्म आड येत असे, आणि एर्लिख यांनी धर्म बदलला नाही. गुणांआधी जन्म विचारण्याची ही रीत आम्हांस अपरिचित नाही. नाझी राजवटीने फ्रँकफुर्टमधील एका रस्त्याला दिलेले त्यांचे नाव पुसले. महायुद्धानंतर ते पुन्हा देण्यात आले.