पडद्याआडच्या फिर्यादी : कॉर्नेलिया सोराबजी

यंदाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या कर्तबगार स्त्रीचे चरित्र लिहावे, असे चिटणीसबाईंनी सांगितले आणि मी कॉर्नेलिया सोराबजी हे नाव निवडले. आपल्या मंडळात वारंवार निघणारा एक प्रश्न त्यांच्या जन्मभराच्या कामाशी निगडित आहे. अन्याय एकीवर झाला आणि तिला स्वतःला न्यायालयाची पायरी चढता येत नसेल, तर तिच्या वतीने फिर्याद कोणी करावयाची?

कॉर्नेलियाबाई १५ नोव्हेंबर १८६६ रोजी नाशिक येथे जन्मल्या. वडील मूळचे पारशी, पुढे ख्रिस्ती झालेले. आई फ्रान्सिना ह्यांनी पुण्यात शाळा चालविल्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून बाई पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाल्या. मुंबई विद्यापीठाच्या त्या पहिल्या स्त्री पदवीधर. विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती मात्र केवळ स्त्री म्हणून नाकारली गेली. तेव्हा काही इंग्रज मंडळींनी, त्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होत्या, पैसे जमविले आणि १८८९ साली बाई ऑक्सफर्डला गेल्या. १८९२ साली त्यांनी कायद्याची परीक्षा दिली. पदवी हाती पडावयास १९२२ साल उजाडले, कारण १९२० पर्यंत ते विद्यापीठ स्त्रियांना पदवी देतच नव्हते!

मायदेशी परतल्यावर त्यांना जे दिसले ते भगिनींनी नीट समजून घेतले पाहिजे. मोठमोठ्या जमीनदार घराण्यांतील विधवांच्या नावे इस्टेटी असत, पण त्या परपुरुषासमोर यावयाच्या नाहीत आणि वकील तर सारे पुरुष. मग कागद कारभाऱ्याच्या नाहीतर दिराच्या हाती पडद्याआड जाई, त्यावर अंगठा उठे आणि कागद बाहेर येई. लुबाडणारा तोच आणि तिच्या वतीने बोलणारा तोच! रिवाजाप्रमाणे बाहेर न पडणाऱ्या स्त्रीला न्यायालयात हजर राहण्याची सक्ती करू नये, अशी सवलत कायद्याने दिली होती. तिने अब्रू राखली, पण जबानी दुसऱ्याच्या तोंडी गेली. पडदानशीन स्त्रीने करून दिलेला कागद तिला पुरता समजला होता, हे तो घेणाऱ्याने शाबीत करावे, असेही न्यायाधीश म्हणत. पण तो कागद न्यायाधीशांपुढे नेणार कोण?

पडद्याआड जाऊ शकेल अशी स्त्री कायदेपंडित सरकारने नेमावी, म्हणून बाईंनी चिकाटीने अर्ज केले. १९०४ साली बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्‌सकडे त्यांची नेमणूक झाली. पुढे बंगाल, बिहार, ओरिसा, आसाम एवढा मुलूख त्यांनी पालथा घातला आणि सुमारे ६०० स्त्रिया व पोरकी मुले ह्यांची गाऱ्हाणी हाताळली. मात्र ह्या खात्याचा हात इस्टेटवाल्यांपुरताच पोहोचे. जिच्यापाशी जमीनच नाही, तिचे गाऱ्हाणे बाहेरच राहिले.

येथे थोडे विषयांतर करते, कारण शेजारणीला घरी मार बसत असेल तर आपण बोलावे की नाही, असे पुष्कळजणी विचारतात. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्यान्वये कोणीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला अशी खबर देऊ शकते, आणि ती सद्‌भावनेने दिली असेल तर तिच्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. दंडाधिकाऱ्यांपुढील अर्जसुद्धा पीडित स्त्रीच्या वतीने दुसऱ्या कोणालाही करता येतो. त्यासाठी नाते लागत नाही.

बाईंचे स्वतःचे गाऱ्हाणे मात्र फार काळ पडून राहिले. १८९६ साली पुण्यात, खुनाचा आरोप असलेल्या एका स्त्रीची बाजू त्यांनी न्यायालयात मांडली. तीही वकील म्हणून नव्हे, तर न्यायालयाच्या परवानगीने बोलणारी कोणी व्यक्ती म्हणून. पुढे मुंबईची एलएल.बी. झाली, अलाहाबादची वकिलीची परीक्षा झाली, सनद काही मिळेना. १९१६ साली रेजिना गुहा ह्यांच्या अर्जावर कलकत्ता हायकोर्टाने तर वकिलीच्या कायद्यातील ‘व्यक्ती’ ह्या शब्दात स्त्री येत नाही, असा निर्णय दिला! अखेर १९२१ साली अलाहाबाद हायकोर्टाने कॉर्नेलियाबाईंना सनद दिली आणि १९२३ च्या कायद्याने ती आडकाठी सर्वांसाठीच दूर झाली. तेव्हा त्या सत्तावन्नाव्या वर्षात होत्या.

त्यांची राजकीय मते मला मुळीच पटत नाहीत. इंग्रजी राज्य टिकावे असे त्यांना वाटे, गांधीजींना त्यांचा विरोध होता आणि मिस मेयोच्या ‘मदर इंडिया’ ह्या पुस्तकाची त्यांनी पाठराखण केली. त्यामुळे आपली माणसे दुरावली. त्यांचे नाव आपल्याकडे कमी घेतले जाते, ते ह्यामुळेही असेल. कलकत्त्यास काही वर्षे वकिली करून १९२९ साली त्या निवृत्त झाल्या आणि लंडनला जाऊन राहिल्या. तेथे १९३४ साली ‘इंडिया कॉलिंग’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले आणि तेथेच ६ जुलै १९५४ रोजी त्यांचे निधन झाले.