सर आदमजी पीरभॉय

मुंबईहून कर्जतकडे जाणारी गाडी नेरळ स्टेशनावर थांबली, की प्रवाशांची नजर आपोआप एका बाजूला वळते. तेथे मोठ्या रुळांच्या शेजारी लहान, अरुंद रूळ दिसतात. दोन रुळांमधले अंतर फक्त दोन फूट! त्या रुळांवरून खेळण्यासारखी दिसणारी एक छोटी गाडी माथेरानच्या डोंगरावर चढते. ही गाडी सरकारने सुरू केली नव्हती. ती एका व्यापाऱ्याच्या पैशांतून आणि त्याच्या मुलाच्या कष्टांतून उभी राहिली. त्या व्यापाऱ्याचे नाव सर आदमजी पीरभॉय.

आदमजींचा जन्म १८४५ साली काठेवाडातील धोराजी या गावी झाला. ते दाऊदी बोहरा जमातीचे होते. घरची परिस्थिती बेताची होती. लहान वयातच ते मुंबईला आले. सुरुवातीला त्यांनी रस्त्यावर फिरून आगपेट्या विकल्या. एका आगपेटीमागे मिळून मिळून किती मिळणार? पण आदमजी हिशेबाचे पक्के होते आणि त्यांना माणसांची पारख होती. हळूहळू त्यांनी व्यापारात जम बसवला. लष्कराला तंबू लागत, ते पुरवण्याचे काम त्यांनी मिळवले. तंबूंना कापड हवे, म्हणून ते कापडाच्या धंद्यात उतरले. सैनिकांना बूट हवेत, म्हणून चामड्याच्या धंद्यात शिरले. धारावी येथे त्यांचा कातडी कमावण्याचा मोठा कारखाना होता. आगपेट्या विकणारा मुलगा मुंबईतील मोठ्या धनिकांपैकी एक झाला.

पैसा आल्यावर त्यांनी हात आखडता घेतला नाही. मुंबईत चर्नी रोड स्टेशनाजवळ त्यांच्या नावाचे आरोग्यधाम उभे राहिले. अलीगढच्या कॉलेजात विज्ञानाचे शिक्षण देता यावे, म्हणूनही त्यांनी मोठी देणगी दिली. स्वतः फारसे न शिकलेल्या माणसाने विज्ञानासाठी पैसे द्यावेत, ही गोष्ट मला विशेष वाटते. १८९७ साली ते मुंबईचे नगरपाल, म्हणजे शेरीफ झाले.

आता माथेरानकडे वळू. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी हे ठिकाण पाहिले. त्यानंतर तेथे हवा खाण्यासाठी लोकांची ये-जा सुरू झाली. नेरळपर्यंत रेल्वे होती. पण पुढची चढण पायी, घोड्यावर किंवा पालखीत बसून चढावी लागे. असे सांगतात, की एकदा आदमजी नेरळला उतरले आणि त्यांना वर जाण्यासाठी कोणतेच वाहन मिळाले नाही. ते परत फिरले आणि या डोंगरावर रेल्वे न्यायचीच, असे त्यांनी मनाशी ठरवले. गोष्ट जशीच्या तशी घडली असेल किंवा लोकांनी तिला थोडे मीठमसालाही लावले असेल. रेल्वे मात्र खरीच झाली.

हे काम त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी अंगावर घेतले. इ. स. १९०० मध्ये योजना तयार झाली आणि १९०४ साली प्रत्यक्ष काम सुरू झाले. खर्च आला सोळा लाख रुपये! त्या काळी एवढ्या पैशांत मुंबईत कितीतरी सुरक्षित धंदे काढता आले असते. येथे तर पावसाळ्यात दरडी कोसळणारा डोंगर होता आणि माथेरानला जाणारे प्रवासी वर्षातले काही महिनेच येत. पैसा परत मिळेल, याची खात्री कोण देणार? तरीही वडील पैसे देत राहिले आणि मुलगा डोंगरात काम करवून घेत राहिला.

चढण फार अवघड होती. काही ठिकाणी वीस फूट पुढे जाताना गाडीला एक फूट वर चढावे लागते. सरळ रूळ टाकणे शक्यच नव्हते. म्हणून मार्ग सापासारखा वळवळत नेला. एका जागी तर घोड्याच्या नालेच्या आकाराचे वळण घेतले आहे. सारा मार्ग सुमारे वीस किलोमीटरचा झाला.

पण एवढ्याने काम भागले नाही. साधे इंजिन अशा वळणावर अडकते. त्याची सहा चाके एका ताठ चौकटीत बसवलेली असतात, ती वळत नाहीत. हा पेच सोडवला एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने. बार्शीची छोटी रेल्वे उभारणारे हेच कॅलथ्रॉप. त्यांनी असे इंजिन आखले, की वळणावर पुढची आणि मागची चाके थोडी बाजूला सरकत आणि तरीही सहाही चाके जोर लावत. अशी चार वाफेची इंजिने जर्मनीतील ऑरेन्स्टाइन आणि कॉपेल या कंपनीकडून मागवली गेली. वाटेत इंजिनांना पाणी लागे. ते जेथे भरत, त्या स्टेशनाचे नाव आजही ‘वॉटर पाइप’ असेच आहे.

मार्च १९०७ मध्ये नेरळहून माथेरानला गाडी सुरू झाली. ते वर्ष आदमजींच्या आयुष्यात मोठेच ठरले. त्याच वर्षी सरकारने त्यांना ‘सर’ हा किताब दिला. वर्षाच्या अखेरीस कराचीला मुस्लिम लीगचे अधिवेशन भरले, त्याचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. पुढे सहा वर्षांनी, १९१३ साली त्यांचे निधन झाले.

त्यांची रेल्वे त्यांच्यामागे चालत राहिली. स्वातंत्र्यानंतर ती मध्य रेल्वेत आली. १९५५ च्या सुमारास डिझेल इंजिने आली, तरी वाफेची इंजिने आणखी बरीच वर्षे धूर सोडत डोंगर चढत होती. डोंगराने मात्र या रेल्वेला कधी स्वस्थ बसू दिले नाही. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत रूळ वाहून गेले. दुरुस्ती होऊन २००७ साली, म्हणजे बरोबर शंभराव्या वर्षी, गाडी पुन्हा धावली. २०१९ च्या पावसात मार्ग पुन्हा खचला आणि नेरळपासूनची गाडी २०२२ साली परत सुरू झाली. दर वेळी रूळ टाकले गेले, ते बहुतेक अब्दुल हुसेन यांनी आखलेल्या त्याच वाटेवर.

त्या जुन्या इंजिनांपैकी एक नेरळला ठेवलेले आहे. कधी तिकडे गेलात, तर त्याची चाके वाकून नीट पाहा.