पाण्यावर उभी राहिलेली पेढी

पावसाळ्यात लोणावळ्याला जाणारी कुटुंबे वळवणचे धरण पाहतात, भाजलेली कणसे खातात आणि चिक्कीचे पुडे घेऊन परततात. हे धरण शेतीसाठी नव्हे, तर वीज तयार करून विकण्यासाठी बांधले गेले, हे फारसे कुणाच्या ध्यानात येत नाही. हा धंदा ज्यांनी प्रत्यक्षात उभा केला, ते सर दोराबजी टाटा. वडील जमशेटजी आणि पुढच्या काळातले जे. आर. डी. या दोन थोर नावांच्या मध्ये ते काहीसे झाकले गेले.

दोराबजींचा जन्म २७ ऑगस्ट १८५९ चा, मुंबईतला. केंब्रिजला काही काळ शिकून ते परतले आणि सेंट झेवियर्समधून पदवीधर झाले. त्यानंतर त्यांनी दोन वर्षे 'बॉम्बे गॅझेट'मध्ये चक्क पत्रकारी केली. खेळांचे वेड तर जन्मभर टिकले. १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकला हिंदी खेळाडू गेले, त्यामागे पुढाकार आणि पैसा त्यांचाच होता.

१९०४ मध्ये जमशेटजी जर्मनीत वारले. त्यांनी मागे ठेवलेली तीन मोठी स्वप्ने तोवर पुरी व्हायची होती: पोलादाचा कारखाना, विज्ञानसंस्था आणि सह्याद्रीच्या पाण्यावरची वीज. दोराबजी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचे होते. वडिलांची इस्टेट सांभाळून सुखाने जगता आले असते. त्यांनी तिन्ही कामे अंगावर घेतली.

पोलादाचे कौतुक पुष्कळ झाले आहे. परंतु आयुष्य बँकेच्या टेबलामागे घालवलेल्या माझ्यासारख्याला विजेचा हिशेब अधिक खुणावतो. मुंबईच्या गिरण्या तेव्हा कोळशाच्या वाफेवर चालत आणि कोळसा दुरून आणावा लागे. इकडे घाटमाथ्यावर चार महिने धो धो पाऊस पडे आणि पाणी वाहून जाई. ते लोणावळा, वळवण आणि शिरोटा येथे अडवायचे, नळांतून सुमारे सतराशे फूट खाली खोपोलीला सोडायचे, त्या जोरावर चक्रे फिरवायची आणि तयार झालेली वीज तारांवरून परळपर्यंत न्यायची, अशी ही योजना. इंधन फुकट! पण धरणे, कालवे, नळ, यंत्रे, तारा यांचा सगळा खर्च मात्र पहिले युनिट विकले जाण्यापूर्वीच करायचा. कोळशाच्या कारखान्यात माल खपेल तसे इंधन घेता येते. इथे वीस-तीस वर्षांचे इंधन जणू एकदम विकत घ्यायचे. वर पाऊस कमी पडला तरी व्याज थांबत नाही.

म्हणून गिऱ्हाईक आधी पक्के हवे. ज्या गिरण्यांचे बॉयलर चालू स्थितीत होते, त्यांच्या मालकांना ते सोडून दुसऱ्याच्या तारेवर विसंबायला लावणे सोपे नव्हते. १९१० मध्ये टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनी स्थापन झाली. भांडवल देशातच उभे राहिले, त्यात संस्थानिकांचाही वाटा होता. १९११ मध्ये पायाभरणी झाली आणि १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईला पोचली. त्याच यशावर १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा ही केंद्रे सुरू झाली.

भिऱ्याचे पाणी मुळशीचे. तिथे या हिशेबाची दुसरी बाजू दिसते. पन्नासएक गावांच्या, मावळ्यांनी पिढ्यान्पिढ्या कसलेल्या भातजमिनी पाण्याखाली जाणार होत्या. १९२१ च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापटांनी त्यात तुरुंगवास भोगला. बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडे अडकलेल्या होत्या. त्यामुळे मोबदल्याचा मोठा भाग कसणाऱ्यापर्यंत पोचलाच नाही. सरकार कंपनीच्या बाजूने उभे राहिले, सत्याग्रह १९२४ पर्यंत चालून मोडला आणि धरण झाले. इंधन फुकट होते ते कंपनीला. मुळशीकरांनी त्याची किंमत घरदार देऊन मोजली, आणि ती कुठल्याच खतावणीत चढली नाही.

हेच दोराबजी स्वतःचे सर्वस्वही डावाला लावणारे होते, हे मात्र तितकेच खरे. १९२४ मध्ये पोलाद कंपनीकडे पगाराला पैसे उरले नाहीत, तेव्हा त्यांनी आपली सुमारे एक कोटीची खाजगी मालमत्ता इंपीरियल बँकेकडे तारण ठेवली. त्यात पत्नी मेहेरबाईंचा २४५ कॅरटचा जुबिली हिराही होता. कर्जदाराची पत ओळखायला याहून मोठा कागद कोणता हवा?

मेहेरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. अपत्य नव्हते. दोराबजींनी आपली सारी संपत्ती विश्वस्त निधीला दिली आणि पत्नीच्या समाधीच्या दर्शनाला निघाले असता वाटेत, जर्मनीतच, ३ जून १९३२ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे त्याच निधीतून परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उभे राहिले.

खोपोली, भिवपुरी आणि भिरा ही तिन्ही केंद्रे आजही वीज देतात. त्यांची एकत्रित क्षमता सुमारे ४४७ मेगावॅट आहे. आज साताऱ्याच्या पठारावर पवनचक्क्या आणि धुळ्याच्या माळावर सौरपट्ट्या उभारणाऱ्या कंपन्यांचे गणितही तेच आहे: सारा पैसा आधी, खरेदीचा करार पक्का, आणि मग वर्षानुवर्षे वाट पाहणे. दोराबजींच्या चोपडीतून त्यांनी धीर जरूर उचलावा. जमिनीचे पान मात्र नव्याने लिहावे आणि त्यावर पहिले नाव कसणाऱ्याचे घालावे.