मंत्रिपदावर लाथ मारली आणि श्रीलंकेत भारताचे प्रतिनिधी झाले : वणीचे बापूजी अणे

मंगरूळपीर, वाशिम, पुसद, यवतमाळ हा सगळा जुना वऱ्हाड. इथल्या गावागावांत अणेंचं नाव आजही माहीत आहे, पण हा माणूस परदेशात भारताचा प्रतिनिधी होता, हे फारसं कुणी सांगत नाही.

माधव श्रीहरी अणे यांचा जन्म २९ ऑगस्ट १८८० रोजी वणीचा. यवतमाळात वकिली केली आणि लोकमान्य टिळकांना गुरू मानलं. १० जुलै १९३० रोजी पुसदजवळच्या राखीव जंगलात गवत कापून त्यांनी जंगल सत्याग्रह सुरू केला आणि तुरुंगात गेले. लोक त्यांना लोकनायक म्हणू लागले.

पुढे १९४१ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. त्यांच्याकडे खातं आलं परदेशातल्या भारतीयांचं. सत्याग्रही माणूस इंग्रज सरकारात कसा, असा प्रश्न साहजिकच होता. त्याचं उत्तर फेब्रुवारी १९४३ मध्ये मिळालं. आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असलेल्या गांधीजींनी २१ दिवसांचं उपोषण सुरू केलं, तरी सरकार त्यांना सोडेना. अणेंनी होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार यांच्यासोबत राजीनामा दिला.

त्याच वर्षी सरकारने त्यांना सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, भारताचे प्रतिनिधी म्हणून पाठवलं.

दोन्ही देश इंग्रजांचेच, मग प्रतिनिधी कशाला? कारण तिथल्या चहामळ्यांत लाखो तमिळ मजूर राबत होते. सिलोनला स्वराज्य मिळाल्यावर त्यांना मत आणि नागरिकत्व मिळणार का, हा कळीचा प्रश्न होता. १९४७ पर्यंत अणे तिथे होते.

प्रश्न मात्र सुटला नाही. १९४८ च्या सिलोन नागरिकत्व कायद्याने बहुतेक मळा कामगार कोणत्याच देशाचे राहिले नाहीत. त्यावर तोडगा काढायला १९६४ चा शास्त्री-सिरिमावो करार करावा लागला.

अणे मायदेशी परतले ते १९४८ मध्ये बिहारचे राज्यपाल झाले. वेगळ्या विदर्भाची मागणी त्यांनी लावून धरली आणि १९६२ मध्ये नागपुरातून अपक्ष खासदार झाले. २६ जानेवारी १९६८ रोजी त्यांचं निधन झालं. त्याच वर्षीचा पद्मविभूषण त्यांना होता.

त्यांनी टिळकांचं चरित्र चक्क संस्कृत काव्यात लिहिलं होतं. त्याला १९७३ मध्ये, म्हणजे ते गेल्यावर पाच वर्षांनी, साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.