संत जोसेफ वाझ : सांकवाळ ते कँडी

गोमंतकाने परमुलखाला जी थोर माणसे दिली, त्यांत पाद्री जोसेफ वाझ यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. ईश्वराच्या इच्छेप्रमाणे घडो, असे कॅथलिक भाविक रोजच्या प्रार्थनेत म्हणत असतो. पण ती इच्छा ओळखावी कशी? अंतःकरणाची ओढ एकीकडे आणि वरिष्ठांची आज्ञा दुसरीकडे, अशा वेळी पाऊल कोठे टाकावे? हा पेच वाझ यांच्यापुढे ऐन तारुण्यात उभा राहिला. त्यांनी तो कसा सोडवला, हे पाहणे उद्बोधक आहे.

त्यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी आजोळी, बाणावली येथे झाला. वडील ख्रिस्तोव्हाव वाझ सांकवाळचे. आई मारिया द मिरांडा. गौड सारस्वत ब्राह्मण कुळातून ख्रिस्ती झालेले हे घराणे कोकणी बोलणारे होते. पोर्तुगीज आणि लॅटिन शिकून त्यांनी जुन्या गोव्यात उच्च शिक्षण घेतले आणि १६७६ मध्ये त्यांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली. तेव्हापासून गोरगरिबांप्रमाणे अनवाणी चालण्याचे व्रत त्यांनी धरले. सांकवाळला मुलांसाठी लॅटिनची शाळा काढली. ५ ऑगस्ट १६७७ रोजी त्यांनी स्वतःच्या हाताने दासपत्र लिहून आपले जीवन मारियामातेच्या चरणी वाहिले. आपल्यावर आपला हक्क उरलेला नाही, ही भावना पुढे त्यांच्या प्रत्येक निर्णयात दिसते.

याच सुमारास सिलोनची हकीकत त्यांच्या कानी आली. डचांनी १६५६ मध्ये कोलंबो आणि १६५८ मध्ये जाफना घेतल्यावर तेथे कॅथलिक धर्मगुरूंना बंदी केली होती. हजारो कुटुंबे पाद्रीविना राहिली होती. तेथे जावे, अशी उत्कट इच्छा वाझ यांनी वरिष्ठांकडे प्रकट केली. वरिष्ठांनी मात्र १६८१ मध्ये त्यांना कानडा प्रांतात पाठवले. तेथे पोर्तुगालच्या राजाचा धार्मिक अधिकार आणि रोमने नेमलेल्या बिशपचा अधिकार यांत वाद पेटला होता व त्यात सामान्य भाविकांची ओढाताण होत होती. वाझ यांनी ही नेमणूक मुकाट्याने स्वीकारली. मंगळूर, बसरूर, गंगोळी या भागांत ते पायी फिरले, लोकांना धीर दिला, समेटासाठी झटले. सिलोनची ओढ त्यांनी सोडली नाही. पण ती पुढे करून हाती आलेले कामही टाळले नाही.

१६८४ मध्ये गोव्यास परतल्यावर त्यांना आणखी दोन वर्षे थांबावे लागले. युरोपीय धर्मसंघ त्या काळी एतद्देशीय धर्मगुरूंना सहसा प्रवेश देत नसत. जुन्या गोव्यातील काही गोमंतकीय धर्मगुरूंनी एकत्र राहण्यास आरंभ केला होता. १६८५ मध्ये वाझ त्यांना मिळाले, प्रमुख म्हणून निवडले गेले आणि संत फिलिप नेरी यांच्या परंपरेतील ओरेटरीची घडी त्यांनी बसवली. अखेर १६८६ मध्ये अनुमती मिळाली. प्रमुखपद सोडून, योहान नावाच्या सेवकाला सोबत घेऊन ते दक्षिणेकडे निघाले.

१६८७ मध्ये ते मजुराच्या वेषात जाफन्यास पोहोचले, ते हगवणीने खंगलेल्या अवस्थेत. बरे झाल्यावर गळ्यात जपमाळ घालून ते दारोदार भिक्षा मागत. माळ पाहून कोणाचे डोळे पाणावतात, यावरून ते आपली माणसे ओळखत. मग रात्रीच्या अंधारात मिस्सा, बाप्तिस्मा, पापनिवेदन चाले. १६८९ च्या नाताळच्या रात्री डच शिपायांनी छापा घालून अनेकांना पकडले, वाझ निसटले. त्यानंतर ते पुत्तळममार्गे कँडीच्या राज्यात शिरले. १६९२ मध्ये पोर्तुगीज हेर या संशयावरून त्यांना राजधानीत कैद झाली. या बंदिवासातही त्यांनी कुरकुर केली नाही. सिंहली भाषा शिकून घेतली आणि तेथेच एक झोपडीवजा देऊळ उभारले.

१६९६ च्या अवर्षणात त्यांनी चौकात क्रूस उभारून प्रार्थना केली आणि पाऊस कोसळला, अशी आख्यायिका आहे. राजा विमलधर्मसूर्य दुसरा याने त्यांना संचाराची मोकळीक दिली, एवढे खरे. १६९७ मध्ये देवीची साथ आली. लोक आप्तांना टाकून पळू लागले, तेव्हा पाद्री कार्व्हाल्यु यांच्यासह वाझ यांनी रोग्यांची शुश्रूषा केली, मृतांना मूठमाती दिली. बौद्ध आणि ख्रिस्ती असा भेद त्यांनी केला नाही. पुढे बिशपपद देऊ केले असता त्यांनी ते नाकारले. गोव्याहून आलेल्या सहकाऱ्यांपैकी याकोम गोन्साल्विस यांनी सिंहली व तमिळ भाषांत विपुल ग्रंथरचना केली.

१६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथे वाझ यांनी देह ठेवला. अंतकाळची तयारी आयुष्यभर करावी लागते, असे त्यांनी अखेरीस सोबत्यांना बजावले होते. गोव्याचे त्यांना पुन्हा दर्शन झाले नाही. २१ जानेवारी १९९५ रोजी कोलंबोत पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना धन्य घोषित केले आणि १४ जानेवारी २०१५ रोजी त्याच नगरीत पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद दिले.

ईश्वराची इच्छा कळण्यासाठी वाझ आकाशवाणीची वाट पाहत बसले नाहीत. शाळा, वाद मिटवणे, मठाची व्यवस्था, रोग्याची सेवा, जे कर्तव्य समोर आले तेच त्यांनी त्या दिवसाची आज्ञा मानली. पाच वर्षांच्या प्रतीक्षेनंतर सिलोनची वाट खुली झाली, तेव्हा ते जाण्यास सिद्ध होते. कोणत्याही धर्माच्या वाचकाने आपल्या नित्याच्या व्यवहारात आठवावे, असे हे चरित्र आहे.